खळ्यातलं ग्रीक नाटक: चार दिवसांच्या शिबिराचा अनुभव

मागच्या डिसेंबरात आमच्या वडसा भागातल्या एका गावी ग्रीक शोकांतिकेवर चार दिवसांचं शिबीर झालं, राहणं-जेवण धरून फी 800 रुपये. मी पूर्ण चारही दिवस होतो. आता यंदाचं धान निघालं का पुन्हा एक बॅच आहे म्हणून फोन येऊन राहिले, भाऊ जावं का, पैसे वसूल होतात का, आपल्यासारख्याला समजते का त्यातलं काही. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. संस्थेचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि मेहनत करणाऱ्या लोकांचं नाव खराब करायचं नाही, ज्याला जायचं आहे त्याला पत्ता सापडतेच.

मी काही शिकलेला नाटकवाला नाही. तीन एकर धानाची शेती आणि गावच्या मंडळात वीसेक वर्षांपासून पेटी वाजवतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, दिवाळी ते होळी नाटकाचा सीझन, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असली का त्या रात्री नाटक ठरलेलंच, वडस्याच्या नाटक कंपन्या येतात आणि आमच्यासारखी गावची मंडळं पण वर्षातून एखादं उभं करतात. माझे बाबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचे. म्हणजे नाटक घरात होतंच, ग्रीक मात्र नव्हतं. ग्रीक म्हणून मला इडिपस माहीत होता, तोही 'बापाला मारलं, आईशी लग्न झालं, डोळे फोडून घेतले' एवढाच.

जायचं कारण वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात आमच्या गावची एक वहिनी पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं मारली. पुढच्या सीझनला मंडळातल्या पोरांनी ठरवलं का यावरच नाटक बसवू, लिहिणारा गावातलाच, दोन अंक लिहून पण झाले. पहिल्या वाचनाला तिचा नवरा आला, पाच-सहा पानं ऐकली, उठला आणि निघून गेला. काहीच बोलला नाही. त्या रात्रीपासून ती वही बंद पडून होती. मी शिबिराला गेलो ते मनात हेच घेऊन, की गावाचं खरं दुःख गावासमोर मांडावं का मांडू नये, आणि मांडायचं तर कसं.

पहिला दिवस देवाचा होता आणि तिथंच मला हे शिबीर आवडलं. शिकवणाऱ्या सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की जुन्या ग्रीसच्या अथेन्स शहरातलं नाटक म्हणजे रोज संध्याकाळी तिकीट काढून बघायची गोष्ट नव्हती, तो देवाचा सण होता. देव डायोनिसस, द्राक्षाचा आणि दारूचा, माणसाला त्याच्या स्वतःतून बाहेर काढणारा. वसंतात, म्हणजे आपलं फाल्गुन-चैत्र चालू असते त्या दिवसांत, शहराचा मोठा सण, सिटी डायोनिसिया. देवाची मूर्ती वाजतगाजत आणायची, बैलांचे बळी द्यायचे, नाटकाची जागा डुकराच्या पिलाचा बळी देऊन शुद्ध करायची, दहा सेनापती देवासाठी दारूची धार सोडायचे, ज्यांचे बाप लढाईत पडले आणि ज्यांना शहरानं पोसून मोठं केलं ती वयात आलेली पोरं अंगावर चिलखत चढवून सगळ्यांसमोरून जायची, अंकित राज्यांकडून आलेला खंडणीचा पैसा तिथंच मांडून दाखवायचा, आणि एवढं झाल्यावर नाटक. पुढच्या रांगेत मधोमध मानाची जागा कोणाची, तर डायोनिससच्या पुजाऱ्याची. शहराचे दहा गट होते, प्रत्येक गटाचे 50 पुरुष आणि 50 पोरं फेर धरून देवाची गाणी म्हणायचे, म्हणजे नुसते गाणारे नाचणारेच हजार जण. हे ऐकताना मला वाटलं की पाहणाऱ्यांतला केवढा तरी माणूस स्वतः कधी ना कधी त्या फेरात नाचलेला असंल. त्याला नाटक वेगळं समजावून सांगायची काय गरज.

आपल्याकडं पडदा उघडायच्या आधी नारळ फुटते, नमन होते, पण ते पाच मिनिटांत उरकते. तिथं देवाचं आणि नाटकाचं मध्ये रेघच ओढता येत नव्हती. तरीपण सरांनी एक चांगलं केलं, 'नाटक म्हणजे पूजा' असं सोपं करून सोडलं नाही. देवाच्या सणात, देवाच्या जागेत, देवाच्या पुजाऱ्यासमोर ते लोक देवांनाच प्रश्न विचारत होते. युरिपिडिसच्या 'बॅकी' नाटकात तर खुद्द डायोनिसस येते, त्याला न मानणाऱ्या राजाला त्याच्या आईच्याच हातानं फाडायला लावते, आणि शेवटी म्हातारा आजोबा देवाला तोंडावर म्हणतो की देवांनी रागात माणसांसारखं वागू नये. हे नाटक युरिपिडिस वारल्यावर, इ.स.पू. 405 च्या सुमारास लागलं आणि पहिलं बक्षीस घेऊन गेलं. देवाच्याच सणात देवाला असं बोलायचं आणि लोकांनी त्यालाच पहिलं ठरवायचं, यावर आम्ही त्या रात्री जेवताना बरंच बोललो. आमच्यातल्या एका काकाजींचं म्हणणं, अंगात येते तेव्हा माणूस असाच होते, सरांना काय माहीत. मला ते पटलं नाही, कारण अंगात आलेल्याला पुढची ओळ आठवत नाही आणि नटाला आठवावीच लागते, पेटीवाल्याकडं कान ठेवावाच लागते. पण दोन्ही गोष्टी एकाच अंगणात राहतात हे खरं.

दुपारी गावातल्या सणाबद्दल सांगितलं आणि तिथं तर आम्ही सगळे पुढं सरकून बसलो. शहराचा सण वसंतात, पण त्याशिवाय हिवाळ्यात, साधारण डिसेंबरात, खेड्याखेड्यांतून वेगळा डायोनिसिया व्हायचा. गावोगाव नाटकाच्या जागा होत्या, शहरात लागून गेलेली नाटकं पुढं गावात फिरायची. थोरिकोस नावाच्या खाणीच्या गावची जागा आजही दिसते, आणि ती चित्रातल्यासारखी गोल नाही, लांबट आहे, डोंगराचा उतार जसा मिळाला तशी बसवलेली. आणि ज्या थेस्पिसला पहिला नट म्हणतात, इ.स.पू. 534 च्या सुमाराचा, तो पण परंपरेनं इकारिया नावाच्या खेड्यातलाच. डिसेंबर, सुगी झालेली, फिरती नाटकं, गावानं केलेली जागा. एवढं तर आम्हाला कोणी शिकवायची गरजच नव्हती, आमचा सीझनच तो.

म्हणूनच पहिली तक्रार इथंच सांगतो. भर सीझनमध्ये शिबीर ठेवलं, त्यामुळं कंपनीत काम करणारा एकही कलाकार येऊ शकला नाही. ज्यांनी सगळ्यांत जास्त यायला पाहिजे होतं तेच आले नाहीत. होळीनंतर ठेवा म्हणून आम्ही सांगितलं, पण नवी बॅच पण धान निघाल्यावरच आहे, म्हणजे ऐकलं नाही.

दुसरी तक्रार पुस्तिकेची. 64 पानांची पुस्तिका दिली, छपाई फिकी, आणि नावांचा घोळ, एकाच कवीचं नाव एकाच पानावर इस्किलस, एस्कायलस आणि ऐस्खुलोस, नवख्या माणसाला वाटावं तीन वेगळे लोक आहेत. ते पण चाललं असतं. पण पुस्तिकेत पानापानावर एकच पालुपद की ग्रीक शोकांतिका म्हणजे नियती, नियतीपुढं माणूस बाहुला. हे मला अजिबात पटलं नाही आणि सरांच्या बोलण्यात पण ते तसं नव्हतं, मग पुस्तिकेत काहून टाकलं? इडिपसच बघा. भाकीत तर जन्माआधीपासून होतं, पण नाटकात आपल्यासमोर काय घडते, तर शहरात रोगराई पसरली आणि हा राजा प्रजेसाठी खरं शोधून काढायचा हट्ट धरते. लोक थांब म्हणतात, बायको पाया पडते, तो थांबत नाही. ते विचारणं त्याचं स्वतःचं आहे, डोळे फोडणं पण त्याचं स्वतःचं, तो स्वतःच सांगते की दुःख अपोलो देवानं आणलं पण हात माझा होता. अँटिगनीला तर कोणीच ढकललं नव्हतं. भावाला माती द्यायची नाही असा राजाचा हुकूम, तिनं दिली, आणि होय मी दिली म्हणून सांगितलं. तिला बाहुली म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

तसंच 'शोकांतिका' ह्या आपल्या शब्दाचं. शब्द चांगला आहे पण त्यानं वाटते की शेवटी सगळे मेलेच पाहिजेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बोकडाचं गाणं', बोकड बक्षीस होता का बळीचा होता यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, गावदेवी माता मायच्या ठाण्यावर बोकड कापताना ज्यानं पाहिलं आहे त्याला दुसरं जवळचं वाटंल. आणि शेवट नेहमी रडण्यातच होते असं पण नाही. इस्किलसची 'ओरेस्टिया' ही तीन नाटकांची साखळी, इ.स.पू. 458 ची, त्या काळातली एकच पूर्ण साखळी आपल्यापर्यंत आली. तिच्यात बायको नवऱ्याला मारते, पोरगा आईला मारते, सुडाच्या देवता त्याच्या मागं लागतात, आणि शेवटी काय, तर अथेन्समध्ये न्यायसभा बसते, मतं पडतात, पोरगा सुटते आणि त्या भयंकर देवतांना शहरातच मानाची जागा देऊन मिरवत नेतात. भांडणाच्या पिढ्या चाललेल्या घरातल्या माणसानं हे एकदा पाहायलाच पाहिजे. वर तीन शोकांतिका झाल्या का त्याच कवीचं चौथं, बोकडासारख्या-घोड्यासारख्या अर्ध्या माणसांचं, हसवणारं नाटक लागायचं. दिवसभर रडवून शेवटी हसवून घरी पाठवायचे. आमच्या नाटकात मधूनमधून विनोदी पात्र घालतात म्हणून शहरातले लोक नावं ठेवतात, त्यांना हे सांगायला पाहिजे.

मुखवट्याचं सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथले मुखवटे कापडाचे, ताठ केलेले असायचे आणि कापड टिकत नाही म्हणून एकही उरला नाही, फक्त भांड्यांवरच्या चित्रांत आणि दगडात-मातीत घडवलेल्या नकला दिसतात. आम्ही जुन्या धोतराचं कापड आणि तांदळाची खळ वापरून केले, खळ वाळायला थंडीमुळं पूर्ण दिवस गेला, पण झाले मस्त. बोलणारे नट आधी एक, मग इस्किलसनं दोन केले, सोफोक्लिस नावाच्या कवीनं तीन, सगळे पुरुष, आणि तिघांतच सगळी पात्रं वाटून घ्यायची, म्हणजे मुखवटा बदलला का माणूस बदलला. तिसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन आलो. 74 वर्षांचे आहेत, गुडघे गेले. सरांनी त्यांना राणीचा मुखवटा दिला आणि म्हणाले, काकाजी, तुम्ही कसं चालायचे ते दाखवा. बाबा उभे राहिले, नऊवारीचा पदर नाही तर खांद्यावरचा दुपट्टाच डोक्यावर ओढला आणि चालले. दहाच पावलं. खोलीत कोणी बोललं नाही. मुखवट्यात तोंड हलत नाही ना, सगळं मानेत आणि पाठीत येते, आणि बाबांना ते पहिलेच माहीत होतं. त्या दहा पावलांसाठी मी 800 काय, 1600 पण दिले असते.

सगळ्यांत मोठा राग मला संगीताचा आला, तो सांगतोच. कोरस म्हणजे काय, तर बारा-पंधरा जण गात नाचत, इस्किलसच्या वेळी 12, सोफोक्लिसनं 15 केले, आणि सोबत ऑलॉस नावाचं वाद्य, दोन नळ्या, सनईसारखी पत्ती, एकच माणूस दोन्ही एकदम फुंकायचा. अर्धं नाटक त्या वाद्यावर उभं, आणि शिबिरात संगीताला मिळाला किती वेळ, तर अर्धा तास, तो पण जेवणाआधीचा. युरिपिडिसच्या एका नाटकातल्या काही ओळी स्वरांच्या खुणांसकट पपायरसच्या, म्हणजे त्या काळच्या कागदाच्या, तुकड्यावर सापडल्या आहेत असं सरांनी सांगितलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले! अहो थांबा ना, वाजवून दाखवा, निदान पेटीवर तरी काढून बघू. मी रात्री सरांना भेटून हे बोललो, त्यांनी मान्य केलं, पण वेळापत्रक संस्थेचं होतं. पुढच्या वेळी संगीताला पूर्ण एक दिवस पाहिजेच.

आता ज्याच्यासाठी गेलो होतो ते. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली, प्रोजेक्टर बंद, सर म्हणाले चला बाहेर उन्हात बसू, आणि तिथं त्यांनी फ्रिनिकसची गोष्ट सांगितली. मिलेटस हे ग्रीकांचं मोठं शहर, अथेन्सच्या नात्यातलं, ते पर्शियाच्या, म्हणजे जुन्या इराणच्या, फौजेनं इ.स.पू. 494 मध्ये घेतलं, माणसं मारली, बायापोरं गुलाम करून नेली. फ्रिनिकस नावाच्या कवीनं त्यावर नाटक केलं. हिरोडोटस नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे की सगळं थिएटर ढसाढसा रडलं आणि मग अथेन्सच्या लोकांनी काय केलं, तर त्याला हजार द्राख्मा दंड केला, कारण त्यानं त्यांना त्यांच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली, आणि हुकूम काढला की हे नाटक पुन्हा कोणी लावायचं नाही. त्याच शतकाच्या शेवटी कारागिराची रोजी साधारण एक द्राख्मा धरतात, म्हणजे हजार दिवसांची मजुरी समजा.

मी तिथंच खाली बघत बसलो. आमच्या वाचनातून उठून गेलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला. त्यानं दंड केला नाही एवढंच.

मग सरांनी पुढचं सांगितलं. त्यानंतर काही वर्षांनी पर्शियाची फौज खुद्द अथेन्सवर आली, शहर जाळलं, देवळं जाळली, आणि इ.स.पू. 480 मध्ये सलामिसच्या समुद्रात ग्रीकांनी त्यांचं आरमार बुडवलं. आठ वर्षांनी, 472 मध्ये, इस्किलसनं 'पर्शियन्स' लावलं, आज पूर्ण हाती असलेलं सगळ्यांत जुनं नाटक तेच. इस्किलस स्वतः पर्शियाविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला, त्याचा भाऊ तिथंच पडला, शत्रूचं जहाज हातानं धरायला गेला आणि हात तुटला. अशा माणसानं, अशा लोकांसमोर, ज्यांची घरं जळाली होती त्यांच्यासमोर, काय दाखवावं? त्यानं अथेन्स दाखवलंच नाही. त्यानं पर्शियाची राजधानी दाखवली. फौज गेलेली आहे, बातमी नाही, म्हातारे काळजीत बसलेले आहेत, राजाच्या आईला वाईट स्वप्न पडलं आहे. मग जासूद येते आणि सांगते, सगळी फौज गेली. एकेक नाव घेते. शेवटी राजा फाटक्या कपड्यांत येते आणि म्हातारे आणि तो मिळून आळीपाळीनं रडतात, तो एक ओळ म्हणते, ते एक. आणि खाली बसलेले कोण, तर जिंकलेले, ज्यांचे स्वतःचे पण मेले. त्यांनी शत्रूच्या आईचं रडणं ऐकलं. पहिलं बक्षीस दिलं. खर्च उचलणारा श्रीमंत पोरगा होता पेरिक्लिस, जो पुढं अथेन्सचा मोठा पुढारी झाला.

लोकांना रडायचंच नव्हतं असं नाही मग. रडायला थोडी जागा पाहिजे होती. दुःख दुसऱ्याच्या अंगणात ठेवलं का आपल्याला तिथं जाऊन बसता येते, आपल्याच घरात ठेवलं तर दार लावून घेतो आपण. हे मी त्या दुपारी माझ्यासाठी समजून घेतलं, सरांनी असं शब्दांत सांगितलं नव्हतं. आणि मरण सहसा समोर दाखवायचे नाहीत, बहुतेक नाटकांत कोणीतरी धावत येऊन सांगते. आमच्या वहीत दुसऱ्या अंकात वाघ होता. पोरांनी वाघाचं सोंग पण ठरवून ठेवलं होतं. अरे, आमच्या गावात तरी कोणी काय पाहिलं होतं? एक पोरगा टोपलं फेकून धावत आला आणि त्यानं सांगितलं, एवढंच. गावाला जे माहीत आहे ते त्या पोराच्या तोंडून माहीत आहे. खरं नाटक तिथं होतं आणि आम्ही वाघ शिवून राहिलो होतो.

चौथ्या दिवशी प्रयोग. 'पर्शियन्स'चा चाळीस मिनिटांचा भाग, मराठी भाषांतर सरांनीच केलेलं, थोडं जड होतं पण म्हणताना जमलं. जागा निवडली गावाबाहेरच्या बोडीजवळचं, म्हणजे लहान तळ्याजवळचं, खळं. ग्रीक नाटकाच्या नाचाच्या गोलाला ऑर्केस्ट्रा म्हणतात, म्हणजे नाचायची जागा, आणि तो मुळात खळ्यावरूनच आला असावा असं एक मत आहे. खरंखोटं अभ्यासक बघतील, पण शेणानं सारवलेल्या खळ्यावर बारा जण अनवाणी पाय आपटत फिरले तेव्हा जो आवाज आला तो स्टेजच्या फळ्यांवर येत नाही. लोक बोडीच्या पाळीवर बसले, तणसाचे पेंढे अंथरून, उतारावर एकाच्या वर एक. अथेन्सला पण आधी असंच होतं, अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिणेचा उतार, लाकडाची बाकं, दगडाचं मोठं थिएटर तर इ.स.पू. चौथ्या शतकात झालं. सुरुवातीला माता मायजवळ दिवा लावला आणि धार सोडली, पाण्याची, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि देवाला ते चालत असंल असं सगळ्यांनीच मानलं. माईक नव्हता. पाण्यावरून आवाज पाळीपर्यंत साफ गेला. मी पेटीवर होतो, अंगणवाडीच्या ताई जासूद झाल्या आणि त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली तेव्हा पाळीवरचे बायाबापे एकदम गप्प झाले, पोरं पण. कोणाला पर्शिया माहीत नव्हतं. फौजेची माणसं कुठल्या देशाची हे एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, तर शेजारीण म्हणे, "कोनाचे का असेना माय, लेकरंच ना."

आमच्या गावचा तो माणूस पण आला होता. मीच गाडीवर आणलं होतं, काय आहे ते सांगून आणलं होतं. तो सगळ्यांत वर, पाळीच्या टोकाला बसला. परत जाताना थंडी भल्ली होती, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग फाट्यावर म्हणाला, "भाऊ, ते नावं घेत होती ते खरे मानसं होते का?" मी म्हटलं, काही खरे, बाकी कवीनं मांडलेले. तो म्हणाला, "तिचं नाव नोको घेजा. पन तो धावत येते ना पोरगा, ते ठेवजा."

वही आता उघडली आहे. जंगल दुसरं, गाव दुसरं, वाघ नाही. पहाटे वेशीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत, मोहफुलाला गेलेल्या पोरींची वाट बघत, त्यांना मी सोबतीला गाणं देऊन राहिलो. सीझन संपायच्या आत लागंल असं वाटते.

राहिलेल्या गोष्टी पटापट. जेवण चांगलं, भात-वरण, पोपटाच्या शेंगांची भाजी, एक दिवस लाखोळी, चहा कमी पडला नाही. राहायची सोय समाजमंदिरात, माणसांना ठीक, पण बायांसाठी वेगळी खोली दुसऱ्या दिवशी मिळाली आणि संडास लांब, रात्री टॉर्च घेऊन दोघी-दोघींनी जावं लागायचं, हे बरोबर नाही, फी घेता तर हे पहिले बघायला पाहिजे. शेवटची एसटी लवकर जाते त्यामुळं फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या बायांना संध्याकाळचं सत्र सोडून जावं लागलं आणि सगळ्यांत चांगलं बोलणं संध्याकाळीच व्हायचं. सर्टिफिकेट देतो म्हणाले ते अजून आलं नाही, मला त्याचं काम नाही, पण ज्या मास्तर लोकांना पाहिजे होतं ते वाट बघत आहेत.

एक चांगलं विसरत होतो. सोफोक्लिसनं 120 च्या वर नाटकं लिहिली आणि पूर्ण उरली 7, हे सांगताना सर म्हणाले की लायकर्गस नावाच्या पुढाऱ्यानं तिन्ही मोठ्या कवींच्या नाटकांच्या सरकारी प्रती करून ठेवायला लावल्या होत्या, आणि मग आम्हाला विचारलं, तुमच्या गावात किती वह्या आहेत? घरी येऊन संदूक उघडली तर बाबांच्या दंडारीच्या तीन वह्या, त्यातली एक वाळवीनं खाल्लेली. उरलेल्या दोन मी रोज रात्री उतरवून घेऊन राहिलो, जिथं अक्षर गेलं तिथं बाबा म्हणून दाखवतात.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो संगीताचा आणि बायांच्या सोयीचा मिळून. जाणार असाल तर चादर-ब्लँकेट दोन न्या, टॉर्च न्या, पुस्तिकेवर विसंबू नका, सरांना जेवणाच्या वेळी गाठा. आणि वाजवणारे असाल तर पेटी घरूनच न्या, तिथं नाही.